अख्ख्या शनिवारचं काम

हॅन्कॉक, मिशिगन
२८ सप्टेंबर १९८४

प्रिय लेम्पी,

फोन करत नाही, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस. तेव्हा चष्मा लाव आणि नीट बसून वाच.

इथे सकाळी गवतावर पांढरं दिसायला लागलंय. बटाटे काढून झाले, सौनाची लाकडं रचून झाली. राहिली ती कुक्केली. तुझ्या भावानं तिला त्या गुबगुबीत रानपक्ष्याचं नाव दिलं तेव्हा आपण दोघी किती हसलो होतो! गाडीला कुणी नाव ठेवतं का, आणि तेही घराइतक्या मोठ्या गाडीला! आता माझा व्हिल्यो जाऊन पाच महिने झाले, आणि अंगणात ती एकटी उभी दिसली की मलाच तिची कणव येते.

जूनमध्ये माझा मुलगा रे आणि त्याची मुलं आली होती तेव्हा ती कुक्केलीतच झोपायची. पाण्याची टाकी भरली, नळ, शॉवर, सगळं वापरलं. ते पाणी अजून आत आहे. पाइपांत पाणी ठेवून इथला हिवाळा काढला तर ते गोठून वसंतात किती पाइप फुटलेले दिसतील ते तुला सांगायला नको. हे काम दरवर्षी व्हिल्यो करायचा, शेजारच्या आर्व्हिडला घेऊन. मला कधी हात लावू दिला नाही. 'जोखमीचं काम आहे, तू कॉफीचं बघ.' गेल्या ऑक्टोबरात तू इथे होतीस, दिवसभर त्यांच्यात बसली होतीस. काय काय करतात ते लिही.

आर्व्हिडला विचारलं असतं, पण तो गाडी विकत मागतोय. येतो, टोपी काढतो, 'विकतेस का?' विचारतो, जातो. रे म्हणतो, वीक. चर्चमध्येसुद्धा सगळे म्हणतात, वीक. मी विकणार नाही. यंदा युहान्नुसची होळी चुकली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी जूनमधली ती रात्र तळ्याकाठी काढली नाही. पुढच्या जूनमध्ये मी स्वतः कुक्केली चालवत तिथे जाणार. लढाईच्या काळात मी दुधाचा ट्रक चालवलाय, विसरू नकोस.

तुझी
सायमा


लेक वर्थ, फ्लोरिडा
५ ऑक्टोबर १९८४

सायमाबाई,

दुधाचा ट्रक तू हाइक्कीच्या गोठ्यात घातला होतास, तेही मी विसरलेले नाही.

मी तुला खरं सांगू? आर्व्हिडला देऊन टाक ते धूड. आणि इकडे ये. माझ्या घराची मागची बाजू रिकामीच आहे. इथे आपल्या फिनिश लोकांच्या हॉलमध्ये मंगळवारी सौना, शुक्रवारी नाच, आणि तुझ्यासारख्या तोंड वाकडं करून बसणाऱ्यांसाठी भजनसुद्धा असतं. गोठायला इथे काहीच नाही. मी एकटी बसून संत्री खाते आणि सालं कुणाला फेकून मारावीत ते कळत नाही.

पण तू ऐकायची नाहीस. तेव्हा आपण पैज लावू. वसंतात तुझ्या कुक्केलीचा एकही पाइप, एकही जोड फुटलेला नसेल, तर तू जिंकलीस. मी युहान्नुसला तिकडे येईन आणि तुझ्या देखत त्या बर्फाळ तळ्यात गळ्यापर्यंत उतरेन. पण एक जरी तडा निघाला तर गाडी आर्व्हिडला, आणि तू तुझ्या सामानासकट माझ्याकडे. कायमची. कबूल?

आता काम. इथून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, पण ऐक. आधी गिझर बंद कर आणि पूर्ण गार होऊ दे. मग सगळ्या टाक्या रिकाम्या कर, गिझरसुद्धा. गाडीच्या पोटाखाली दोन तोट्या आहेत, त्या उघड. सगळे नळ उघडे ठेव म्हणजे पाणी घळाघळा जाईल. मग गिझरकडे जाणारी वाट बंद कर, तिथे एक कान आहे पिळायचा. सहकारी दुकानातून ते न गोठणारं गुलाबी औषध आण. गुलाबी! हिरवं इंजिनाचं असतं, ते विष आहे. पंपाची नळी गुलाबीच्या कॅनमध्ये सोड, पंप चालू कर, आणि एकेक नळ उघडत जा. गुलाबी आलं की बंद. गार, गरम, शॉवर, संडास, सगळं. शेवटी प्रत्येक मोरीत कपभर गुलाबी ओत, कारण मोरीखालच्या वाकड्या पाइपात पाणी दबा धरून बसतं.

फार कष्टाचं काम आहे हो. ते दोघं संध्याकाळपर्यंत अगदी थकून जायचे. एक सांगते, गिझरच्या मागचं लहान कपाट उघडू नकोस. तिथे वायरी आहेत.

तुझी
लेम्पी


हॅन्कॉक
१६ ऑक्टोबर १९८४

प्रिय लेम्पी,

पैज कबूल. आंघोळीचा पोशाख शिवून ठेव.

काम झालं! तू लिहिलंस तसंच्या तसं केलं. गाडीखाली झोपून तोट्या उघडल्या, तेव्हा नेमका पोस्टमन आला आणि माझे नुसते पाय बघून घाबरला. मग पंप सुरू केला. सिंकचा नळ आधी खोकला, थुंकला, आणि एकदम गुलाबी! लेम्पी, मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. शॉवर गुलाबी, संडास गुलाबी. तुझ्या भावाला दाखवावंसं वाटलं आणि मग थोडा वेळ पायरीवर बसून राहिले. ते असो.

पण एक कोडं आहे. मी सकाळच्या कॉफीनंतर सुरुवात केली आणि दुसऱ्या कॉफीच्या आत माझं काम उरकलं. आणि मी म्हातारी, एकटी, पहिल्यांदा करणारी. मग दोन धडधाकट पुरुषांना अख्खा शनिवार कसा लागायचा?

आता एकेक आठवतंय. मी निसू, वेलदोड्याचा ताजा गोड पाव, आणि कॉफी घेऊन दार वाजवायची, तर आतून व्हिल्यो ओरडायचा, 'थांब, आत वास आहे, औषधाचा!' मग दार बोटभर उघडायचं आणि हात बाहेर यायचा. संध्याकाळी दोघं लालबुंद होऊन बाहेर पडायचे. मी म्हणायची, बिचारे, थंडीनं कसे भाजलेत! आणि व्हिल्यो, जो चर्चमध्येसुद्धा तोंड उघडत नसे, तो अंगण ओलांडताना स्तोत्र गायचा. चारही कडवी.

तू तिथे होतीस. काय चालायचं?

सायमा


लेक वर्थ
२४ ऑक्टोबर १९८४

प्रिय सायमा,

पुरुषांची कामं अशीच असतात. स्क्रू एक, चर्चा चार. त्यात व्हिल्योचा स्वभाव किती चोख, तुला माहीत आहेच. प्रत्येक नळ तीनतीनदा तपासायचा. तू उगीच शंका काढू नकोस.

मागची खोली रंगवायला काढलीय. पिवळा रंग निवडला, तुला आवडतो म्हणून. पैज मीच जिंकणार, मग रंगवून ठेवलेलं बरं. खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. काल मी तिथे खुर्ची ठेवून बसले, बघायला की तू बसलीस तर तुला काय दिसेल. सायमा, आपण शाळेत एका बाकावर बसायचो. नंतर तू माझ्या भावाशी लग्न केलंस आणि माझ्या वाट्याची कमी झालीस. आता म्हातारपणी तरी एका बाकावर बसू.

वायरींचं लक्षात ठेव. त्या कपाटाला हात लावू नकोस.

लेम्पी


हॅन्कॉक
१९ नोव्हेंबर १९८४

प्रिय लेम्पी,

बहुतेक तू जिंकतेस.

शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आर्व्हिड आला. म्हणाला, विकत घ्यायची तर गाडी एकदा आतून बघू दे. मी म्हटलं, बघ की, बघायला काय जातंय! आत गेला आणि बसूनच राहिला, व्हिल्योच्या बाजूला बसायचा त्याच जागेवर. टोपी हातात. गिझरच्या फळीवर दोनदा टकटक केली आणि विचारलं, 'मागचं सगळं जागच्या जागी आहे ना?' मी मनात म्हटलं, किंमत पाडायला खोट शोधतोय मेला.

पण माणूस दारात आलाय. त्याला कॉफीशिवाय कसं पाठवणार? 'घरात चल' म्हटलं तर म्हणे, 'बुटांना बर्फ आहे, इथेच बरं वाटतंय.' मग मी घरातून किटली आणली, कप आणले, बादलीभर पाणी आणलं. तीन कप प्यायला. आणि तो गेल्यावर मी काय केलं असेल? कप विसळले. सिंकमध्ये. पन्नास वर्षांची सवय! पाहुणा उठला की हात आपोआप कपाकडे जातो. बादली रिकामी केली, सिंक पुसलं, फडकं वाळत घातलं आणि स्वतःवर खूश होऊन घरात आले.

दोन दिवसांनी भाकरीचं पीठ मळताना डोक्यात उजेड पडला. मोरीखालच्या वाकड्या पाइपातलं गुलाबी सगळं वाहून गेलं आणि तिथे आता बसलंय कॉफीचं पाणी!

धावत सहकारी दुकानात गेले. एक थेंब गुलाबी नाही. शिकारीला आलेल्यांनी आपापल्या जंगलातल्या खोपटांसाठी सगळे कॅन उचलले. मालाची पुढची गाडी थँक्सगिव्हिंगनंतर, तीही रस्ता मोकळा असेल तर. गोठ्यातून वायर ओढून सिंकखाली एक दिवा लावून ठेवलाय. त्याच्या उबेवर पाइप तगून आहे. पण रेडिओ म्हणतो मोठं वादळ येतंय, आणि वादळात इथली वीज जाते हे ठरलेलं.

रात्री उठून खिडकीतून बघते, दिवा आहे ना. लेम्पी, एवढ्याशा पाइपासाठी मी काल रडले. गाडीसाठी नाही रडले. व्हिल्योनं इतकी वर्षं जपलेलं माझ्या हातून एका हिवाळ्यात गेलं तर, म्हणून रडले.

सायमा


लेक वर्थ
२३ नोव्हेंबर १९८४
(तातडीच्या टपालानं)

सायमा,

हे उभ्या उभ्या वाच. कोट घाल. कुक्केलीत जा. गिझरच्या मागचं कपाट उघड.

तिथे वायरी नाहीत.

तुझ्या वडिलांनी लग्नाआधी व्हिल्योकडून शब्द घेतला होता: घराच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब येणार नाही. व्हिल्योनं तो शब्द शेवटपर्यंत पाळला. पण कुक्केलीला उंबरा नाही, चाकं आहेत. हा युक्तिवाद माझा नाही, त्याचाच.

वर्षातून एक शनिवार, सायमा. एकच. तासभर काम, आणि मग दोघं मित्र दार लावून बसायचे. दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या, म्हणजे तुझ्याच, अंगणात, अख्ख्या मंडळाच्या नाकासमोर! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प होते.

आता दारू सहजी गोठत नाही हे तुला मंडळात कुणी शिकवलं नसेल. ऐक. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीवर रस सोडायचा तुझा तो रबरी फुगा घे. त्याच्या टोकाला हातभर नळी खोच, ती मोरीत सोड, आणि ओढता येईल तितकं पाणी ओढून काढ. तळाचं घोटभर राहीलच. त्यावर कपाटातल्या बाटलीतलं ओत. कंजुषी करू नकोस.

हे पत्र पाकिटात घालताना माझा हात थांबला, हेही लिहून टाकते. खोलीचा रंग वाळलाय. पडदेसुद्धा लावले. हे पत्र दोन दिवस उशिरा टाकलं असतं तर काम आपोआप झालं असतं. पण तू रात्री उठून दिवा बघतेस हे वाचलं आणि मला पडदे नकोसे झाले.

जा लवकर.

लेम्पी


हॅन्कॉक
१ डिसेंबर १९८४

लेम्पी,

तुझं पत्र वादळाच्या आदल्या दुपारी पोचलं. कोट घातला. गेले. उघडलं.

दोन बाटल्या. एक अर्धी, एक जवळजवळ भरलेली. आणि तीन पेले.

मी आधी पेल्यांकडे बघितलं. न धुतलेले. साहजिक आहे, पाणी बंद केल्यावर धुणार कशानं? एक व्हिल्योचा, कारण त्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर त्याच्या हातचं 'व्ह' आहे. एक आर्व्हिडचा. आणि तिसऱ्याच्या कडेला, लेम्पी तास्कीलाबाई, लालभडक लिपस्टिक. आर्व्हिड लावत नाही, मी चौकशी केली.

मला राग यायला हवा होता. पाच मिनिटं मी तो यावा म्हणून वाट पाहत उभी राहिले. आला नाही. त्याऐवजी ते दार बोटभर उघडून बाहेर येणारा हात आठवला. 'आत वास आहे' म्हणे! आणि मी हसायला लागले. एकटी, त्या थंड गाडीत, पेला हातात धरून. एप्रिलनंतर पहिल्यांदा इतकी हसले की बाजूच्या पलंगावर बसावं लागलं.

मग फुगा, नळी, सगळं केलं. पाणी बर्फाळ झालं होतं, पण गोठलं नव्हतं. आणि भरलेली बाटली हातात घेतल्यावर थबकले. मंडळाची शपथ घेतलेली बाई मी! तेवढ्यात आठवलं, मंडळात आम्ही आयुष्यभर गावाला काय सांगत आलो? दारू मोरीत ओता! मग ओतली. गटगट ओतली. इतक्या वर्षांत इतकं मनापासून शपथ पाळल्याचं आठवत नाही.

त्याच संध्याकाळी वीज गेली. दिवा विझला. मी झोपले, लेम्पी. शांत झोपले.

सकाळी आर्व्हिड फावडं घेऊन वाट मोकळी करायला आला. मी दारातच म्हटलं, "आर्व्हिड, कपाट उघडलं मी."

त्याच्या हातातलं फावडं पडलं. "सगळं?"

"तिन्ही पेले."

तो तांबडा झाला. थंडीनं नव्हे, हे आता मला ओळखता येतं. म्हणाला, "सायमा, मला तुझी गाडी काय करायचीय? गावाबाहेर गेलं की माझं पोट बिघडतं. मी फक्त म्हटलं, बाटल्या तुझ्या हाती लागू नयेत. मेलेल्या माणसाला बोलणी खायला लागू नयेत."

"म्हणून अख्खी गाडी विकत घेणार होतास?"

"दुसरी वाट सुचली नाही. त्या दिवशी बाटल्या काढायलाच आलो होतो, तर तू कॉफी घेऊन समोर बसलीस. तीन कप प्यायलो, तू हलायलाच तयार नाहीस!"

आणि मी त्याला चोर समजत होते. मी त्याला आत बोलावलं. बर्फाच्या बुटांसकट.

सायमा


लेक वर्थ
१० डिसेंबर १९८४

प्रिय सायमा,

लिपस्टिकबद्दल मी काहीही बोलणार नाही.

उरलेल्या अर्ध्या बाटलीचं काय केलंस?

लेम्पी


हॅन्कॉक
१४ मे १९८५

प्रिय लेम्पी,

बर्फ गेलं. ओढ्याला पाणी आलंय, आणि काल आम्ही कुक्केली उठवली.

आर्व्हिड टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला, मी टाकी भरली आणि पंप सुरू केला. सिंकचा नळ उघडला. गुलाबी आलं, मग फिकट गुलाबी, आणि मग स्वच्छ पाणी. शॉवर, संडास, गरम, गार. मी प्रत्येक नळाला विचारायची, "आहे का रे गळती?" आणि खालून आर्व्हिड ओरडायचा, "कोरडं! हेही कोरडं!" शेवटी सिंकखाली मी स्वतः हात घालून त्या वाकड्या पाइपावरून बोटं फिरवली. ठणठणीत! मोरीतून मात्र अजून गुत्त्याचा वास येतो. चर्चच्या बायका बघायला आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, औषध आहे.

तेव्हा आंघोळीचा पोशाख घेऊन ये. मी तुला कुक्केलीतून तळ्यावर नेणार, गाडी मी चालवणार, आणि तू होळीच्या उजेडात गळ्यापर्यंत उतरणार. आर्व्हिडसुद्धा येतोय. पोटाचं औषध बरोबर घेईन म्हणतो.

तुझी पिवळी खोली माझ्या मनातून गेलेली नाही. कायमची मी येणार नाही, पण हिवाळ्यात इथे बसून मी कुणासाठी दिवा बघत बसू? तेव्हा असं ठरवलंय. तू युहान्नुसला ये आणि शरदापर्यंत राहा. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी आपण कुक्केलीला झोपवू, आणि मग दोघी मिळून तुझ्याकडे जाऊ. लिंबाच्या झाडापाशी बाक ठेव, खुर्ची नको.

अर्धी बाटली कपाटात आहे, गिझरच्या मागे. पेले धुतलेत, तुझासुद्धा. माझ्यासाठी चौथा ठेवलाय. माझ्या पेल्यात कॉफी असेल, गैरसमज नको.

काल रेचा फोन आला होता. विचारत होता, आई, यंदा मी येऊन ते पाइपांचं काम करून देऊ का, तुला एकटीला किती वेळ लागतो? मी त्याला सांगितलं, येऊ नकोस बाळा, आम्ही बघतो. फार जोखमीचं काम आहे. अख्खा शनिवार जातो.

तुझीच
सायमा

ता. क. दार आतून लावायचं काम माझ्याकडे. तू ये.